फ्रीझरमध्ये, झुबैदीच्या शेजारी

हवल्लीत, इब्न खल्दून रस्त्यावर
रिफअतच्या दुकानात पहिल्यांदा रॅम हातात घेतली,
कोरी नोट धरावी तशी, कडांना.
चौसष्ट एमबी. पगाराचा तिसरा हिस्सा.
"या मुहंदिस," रिफअत म्हणाला,
(मी स्टोअरकीपर होतो, पण दुरुस्त केलं नाही)
"याहून जास्त माणसाला लागतच नाही."

मॉनिटर टॅक्सीत शेजारी बसवला,
पट्टा त्यालाच लावला.
लिफ्ट बंद, मजला चौथा.
शब्बीर तांबे बनियनवरच खाली आला,
दाभोळचा, होडीची इंजिनं खांद्यावर वाहिलेला.
"एवढं जड," तो म्हणाला, "आणि आत काय, तर चित्रं?"

खोलीत आम्ही तिघं. हा चौथा.
तोझ सुटली की फटीतून पीठ चाळल्यागत धूळ यायची,
मी पंखा सोडवून दाढीच्या ब्रशने झाडायचो.
रोडेल म्हणायचा, बायकोला इतक्या मायेनं लिही कधी.
लिहायचो की.
मराठीचा फाँट धड नव्हता,
इंग्रजी अक्षरांतली माझी खुशाली वाचून
वैजयंतीला वाटायचं, हा कायम घाईत.

आणि ती गाण्यांची यंत्रं!
वॉकमन, ज्याचा पट्टा सैल झाला
की गाणारी बाई हळूहळू पुरुष व्हायची.
सीडीवाला, कंपनीच्या बसमध्ये
प्रत्येक गतिरोधकावर शब्द गिळणारा.
मिनीडिस्क (ती घेतली त्या महिन्यात
घरी पैसे कमी गेले, कारण वेगळं सांगितलं).
मग वीस जीबीचा, विटेएवढा,
आत खरीखुरी डिस्क फिरायची,
शांत गाण्यात तिचं गरगरणं ऐकू यायचं.

चार हजार गाणी.
रात्रंदिवस ऐकली तर चौदा दिवस, हिशेब केला होता.
ऐकली तीसेक.

एका सकाळी तो टक् टक् करायला लागला.
पालीसारखा.
रिफअतने कानाशी धरला, मान हलवली. खलास.
मग दुकानात दुसरं कुणी नाही बघून
हळूच म्हणाला, एक रात्र फ्रीझरमध्ये ठेव.

दोन पिशव्यांत बांधून डिस्क ठेवली
झुबैदीच्या शेजारी.
रोडेलने वर चिठ्ठी चिकटवली: खाऊ नये.

पहाटे ती फिरली.
गार आहे तोवरच फिरणार, हे माहीत होतं.
आधी काय उतरवायचं त्याची यादी
मी रात्री कागदावर केली होती, नंबर घालून,
वडिलांच्या आवडीची नाट्यपदं पहिली.
कागद समोर होता.
बोट गेलं ते यादीत नसलेल्या फाईलवर,
रेकॉर्डिंग सात, बावन्न मिनिटं.

केबल बैलगाडीच्या चालीची.
अकरा मिनिटं पट्टी सरकत राहिली,
डिस्कवरचं दव मी टॉवेलनं टिपत होतो.
पट्टी भरली. टक्. मग काहीच नाही.

शब्बीर तेव्हा दीड वर्षापूर्वीच परत गेला होता.
दिलेला नंबर लागत नव्हता. अजून नाही लागत.

त्यानंतर किती संगणक झाले, मोजले नाहीत,
प्रत्येकात आधी ती फाईल टाकतो.
सुरुवातीला नुसता एसी.
मग तेल तापतं.
मग शब्बीर: "हा लाल दिवा कसला?"
मी: "काही नाही, टेस्टिंग."
किती सराईत वाटतो माझा आवाज.

पुढे पाऊण तास तो बोलत नाही.
मासे तळतो. झाऱ्या आपटतो. एकदा शिंकतो.
शेवटी विचारतो, "बंद केलंस ना?"
मी म्हणतो, "हो."

तिथून तीन मिनिटं तो एकटा असतो.
बंदरांची नावं घेतो, पुटपुटत, तव्याकडे बघत असावा,
बाणकोट, वेळास, केळशी, आंजर्ले,
घराच्या दिशेनं एकेक,
हर्णैला पोचतो
आणि दारात रोडेलची किल्ली वाजते.