अकरा कंगोरे

टर्लॉकच्या जत्रेच्या मैदानात जानेवारीचं धुकं
इतकं दाट, की माणूस आधी खोकला म्हणून ऐकू येतो,
मग टॉर्च म्हणून दिसतो,
आणि अगदी जवळ आला की ओळखीचा निघतो.
पहाटेचे साडेचार. जुन्या सुट्या भागांचा बाजार.
ओल्या ताडपत्र्यांवर बंपर, काचा फुटलेले दिवे,
एका बादलीत नुसत्या दरवाजांच्या मुठी.
बाबांचा हात माझ्या कोपरात.
डोळ्यांच्या मधोमध काळा डाग बसलाय त्यांच्या;
कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही.
धुक्याचं त्यांना काय!

हवंय एक व्हॉल्व्ह कव्हर.
एक. जोडी नाही.
जुन्या ब्यूइकच्या व्ही-एटचं, उजव्या बाजूचं,
तेल ओतायचं भोक असलेलं, ओतीव ॲल्युमिनियमचं,
मोडेस्टोच्या ब्रागा बंधूंनी ओतलेलं.
त्यांची ओतशाळा दोन वर्षं चालली आणि जळाली.
साठेक जोड्या निघाल्या म्हणे.
बाबांचे सगळे आकडे 'म्हणे'वर चालतात,
पण अकरा कंगोरे, यात 'म्हणे' नाही.
डावं आमच्याकडे आहे.
त्यावर बोटं फिरवत मी मोजायला शिकले;
बारा मला फार उशिरा आलं.

पेरी हॉकिन्सनच्या टेबलावर होतं एक,
आरशासारखं, तोंड दिसेल असं.
बाबांनी शर्टाच्या आतून बुचाचं जुनं गॅस्केट काढलं,
कडेला कड लावली, नखानं चाचपलं.
दोन सूत कमी.
"नक्कल आहे," ते म्हणाले, न रागावता.
"खऱ्यावरून साचा घेतला, की धातू निवताना आकसतो.
नक्कल नेहमी जराशी लहान निघते."
"दोन सूत कोण मोजतंय, अवेलिनो?"
"इंजिन."

दुपारी धुकं फाटलं. आम्ही रिकाम्या हातांनी
ट्रकच्या फळीवर बसून गार कॉफी पीत होतो.
शेजारी कार्ब्युरेटर विकणारी मुलगी सहज बोलून गेली,
हिलमारला टोश्तेंच्या गोठ्यात
असलंच काहीतरी बघितलंय तिनं. मांजरी दूध पितात त्यात.

बाबा उठले.
कॉफी तशीच फळीवर राहिली.

गोठ्यात पेंढा, शेण, आंबूस उब.
लुसिंदो टोश्ते धारेच्या यंत्रामागून ओरडले, "तिकडे, भिंतीकडे!"
उलटं पडलेलं, कंगोरे पेंढ्यात रुतलेले,
तेलाच्या भोकात वाइनच्या बाटलीचं बूच ठोकलेलं,
बोल्टच्या भोकांत मेण.
आणि सात मांजरी, सात तोंडं, एकच ओळ.
एक्याऐंशी वर्षांचा माणूस गुडघ्यांवर बसला.
मांजरी गुरगुरल्या. त्यानं हात दुधाखालून नेला,
तळाशी कंगोरे चाचपत पुटपुटला
पोर्तुगीजमध्ये, जे तो फक्त
देवाशी आणि अडकलेल्या बोल्टशी बोलतो.
नऊ. दहा.
मग बराच वेळ काहीच नाही.
मी वाकून पाहिलं. ओठ हलत नव्हते.
बोट अकराव्यावर होतं, आणि तिथून हलायला तयार नव्हतं.

टोश्ते पैसे घेईनात.
"मला कशाला? मांजरींना भांडं आणून द्या."

घरी येईपर्यंत ते बाबांच्या मांडीवर,
बाहीला दुधाचा वास, गॅस्केट बरोब्बर बसलेलं.
आतून दुधानं खाल्लंय, पांढरे खड्डे पडलेत;
मी म्हटलं, घासून देऊ चकचकीत?
"हात लावू नकोस," म्हणाले. "त्याचं वय आहे ते."
गाडी अजून विटांवर उभी आहे. रेडिएटर नाही,
वायरिंग उंदरांनी नेलं.
पण इंजिनाला आता दोन्ही खांदे आहेत.

पुढच्या रविवारी मी स्टीलचं थाळं घेऊन हिलमारला गेले.
नवंकोरं, रुंद, एकही भोक नसलेलं.
टोश्तेंनी त्यात कोमट दूध ओतलं.
सातही जणी आल्या, एका ओळीत बसल्या,
थाळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
तोंड कुणीच लावलं नाही.