तीन इंच

पाचगणीत थंडी पडते ती आधी गुडघ्यांत.
म्हणून श्रीरंगने शेगडी आणली, बिडाची, काचेच्या दाराची,
बंद पडलेल्या कुठल्याशा वसतिगृहाच्या भंगारातून,
आणि मग महिनाभर तो फटी शोधत फिरला.
खिडक्यांना रबर, दाराखाली गोणपाटाची गुंडाळी,
जुन्या वायरीच्या भोकांत एम-सील.
शेवटची फट बुजली तेव्हा हात झटकत म्हणाला,
"आता मुंगीसुद्धा विचारून येईल."

मुंगी नाही आली. धूर आला.
स्वयंपाकघरातला पंखा लावला
की धुराडं उलटं चालायचं,
काचेच्या दाराच्या कडेनं राखाडी जीभ बाहेर.
फोडणी एकीकडे, ठसका एकीकडे,
आणि आग बसलेली
नापास झालेल्या पोरासारखी, मान खाली घालून.

लाकूड ओलं आहे, मी म्हणायचे.
तुला पेटवता येत नाही, तो म्हणायचा,
आणि सिल्व्हर ओकचे दोन वर्षं वाळलेले ओंडके
एकमेकांवर आपटून
माझ्या कानाशी टणटण वाजवून दाखवायचा.
सकाळी उठलं की कपाळात खिळा.
त्याची डोकेदुखी त्यानं माझ्या नावावर मांडली,
माझी मी त्याच्या.
खतावणी चोख होती.

इनायत मुजावर वाईहून आला,
पसरणीचा घाट स्कूटरवर चढून, पायांशी ड्रिल.
शेगडीला हातच लावला नाही.
उदबत्ती मागितली.
मला वाटलं, कामाआधी पुटपुटणार असेल काही.
तो ती घेऊन खिडक्यांशी गेला, उंबऱ्याशी वाकला,
कोपऱ्याकोपऱ्यात थांबला.
धुराची रेघ सरळ. सगळीकडे सरळ.
फक्त मोरीच्या जाळीपाशी
ती थरथरली आणि घरात वाकली.

"हितनं पितीया बघा," तो म्हणाला,
"तुमच्या मोरीतनं.
दुसरं काय ठिवलंयच कुठं तिला?"

मग त्यानं खिडकी सरकवली, दोन बोटं.
टेबल लँडवर घोडा सुटावा तसा आवाज झाला
शेगडीच्या पोटात.
श्रीरंग आगीकडे बघेना.
तो त्या रबराकडे बघत होता.

"मग खिडकी उघडीच ठेवायची?"
"मग शेगडी कशाला, ताई?
तिची हवा तिला बाहेरनं. तुमची तुमाला."

दीड फूट जांभा.
लाल भुकटी सोफ्यावर, घड्याळावर,
झाकून ठेवलेल्या दुधावरसुद्धा.
ड्रिलचं टोक पलीकडे निघालं तेव्हा
भिंतीत एवढासा पांढरा दिवस दिसला,
आणि त्यातून धुकं
ओळखदेख नसताना आत.
तीन इंची पाइप, बाहेरचं तोंड जमिनीकडे वळवलेलं,
त्यावर बारीक जाळी, उंदरांसाठी;
शेगडीखाली शेवट, तिथं एक झडप
आणि तिला दाराच्या कडीसारखी दांडी.
"निजताना अर्धी," एवढंच सांगून
चहा न घेता गेला, घाटात अंधार पडायच्या आत.

खिळा चौथ्या दिवशी निघाला.
भांडणं राहिली.
पण आता ती आमचीच होती,
कुणा तिसऱ्याची त्यांत भेसळ नव्हती.

पाइपला घाम येतो, खाली मी वाटी ठेवते.
कधी रात्री जाळीवर सिल्व्हर ओकचं पान चिकटतं.
काचेमागे ज्वाळा हळूहळू बुटकी होते,
पिवळी, मग तांबूस, मग नुसती कुजबुज.
श्रीरंग काही न बोलता कानटोपी घालतो, टॉर्च घेतो.
दार उघडतं, लागतं.
मी जागची हलत नाही.
भिंतीपलीकडे तो कुठे वाकलाय, मला दिसत नाही.

आग एकदम उभी राहते.
सापडलं त्याला पान.