दीड फुटावर

वीजबिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर आखलं होतं घर:
दोन खोल्या, ओसरी,
अन् खाली तळघर, दहा बाय बारा.
मे महिन्यात तिथं खाट टाकायची, माठ ठेवायचा,
ऊन कलेपर्यंत वर यायचं नाही.

हे चंद्रकलाचं डोकं.
मागल्या वैशाखात चुलीपाशी भोवळ येऊन पडली,
तेव्हापासून ती जमिनीकडं
वेगळ्याच नजरेनं पाहते.

सोमवारी फक्की टाकली.
मंगळवारी दीड फुटावर टिकाव वाजला.
मातीत टिकाव बोलत नाही.
हा बोलला,
अन् कोपरापर्यंत हात झिणझिणले.

तीस वर्षं मी लाइनीवर होतो.
दारव्हा, दिग्रस, आर्णी,
खांबांचे हजारेक खड्डे माझ्या हातचे.
कुठल्या शिवारात काळी किती खोल,
मुरूम कुठं लागतो, झोपेत सांगेन.
स्वतःसाठी जागा घेताना
फक्त रस्ता पाहिला.

झोलबा मिस्त्री खूश.
'काळ्या मातीवरचं घर म्हंजे खाटेवर मांडलेला संसार,
उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते.
इथं तं पाया आयता भेटला तुले.
वरचं कुजकं सोल, पायऱ्या पाड, बसव घर.'
मग त्यानं नकाशातल्या तळघराकडं पाहिलं
अन् तंबाखू मळत राहिला.

वडारवस्तीतून यल्लप्पा आला.
हातोडीनं दगडाची विचारपूस केली, पाच जागी.
चार जागी ठण्ण.
पाचव्या जागी आवाज आत गेला,
परत आला नाही.
तिथं त्यानं गेरूनं रेघ ओढली.

सुरुंगाचं नाव कोणी काढलं नाही,
शेजारच्या विहिरीचं बांधकाम ओलं आहे.
कंप्रेसरवाला तासाचा भाव सांगून गेला,
डिझेल वेगळं.

'खोद,' यल्लप्पा म्हणाला,
'पण खडकातला खड्डा तळघर नसते, टाकं असते.
इथून पाणी चालते.
श्रावणात तुही खाट तरंगन.'

चंद्रकला इतका वेळ गप्प होती.
तिनं बादलीतलं उरलंसुरलं पाणी रेघेवर ओतलं
अन् त्याच्या मागं मागं गेली,
उतारानं, बोरीखालून,
नाल्याच्या अंगाला.
'इकडची भिंतच घालू नका,' तिथूनच ओरडली.
'पाण्याले दार ठेवा. आपणही तिथूनच येऊ.'

दुसरं बिल हाताशी नव्हतं.
जुन्या रेघांवरच नव्या मारल्या.
तळघर सरकलं, अर्धं झालं,
पूर्वेला उघडं पडलं.
जिना गेला.
म्हशीच्या पाठीएवढा एक उंचवटा
यल्लप्पा म्हणतो फुटायचा नाही,
तो खोलीतच राहील.
त्यावर माठ बसेल का, हे मापायचं राहिलं.

रात्री बॅटरी घेऊन जागेवर गेलो.
खडक अजून तव्यासारखा.
रेघेपाशी बसलो, चिरेत हात घातला,
बोटं, मग तळवा, मग मनगट.
आत गार.
किती वेळ बसलो कोण जाणे.

'हात काढा,' मागून आवाज आला,
'इंचू असतात.'
मी काढला.
तिनं बांगड्या मागं सारल्या
अन् स्वतःचा घातला.