खातची पेटी

तिकीटबाबूनं विचारलं, कुठं?
मी म्हटलं, खात.
काय खात? म्हणाला, आणि स्वतःच हसला;
दिवसातून चाळीसदा हसत असेल.

पिशवीत कानस, सरस, मेंढीचं मऊ कातडं,
पितळी पत्त्यांचा डबा.
इतवारीतून निघताना बायको म्हणाली होती,
पैसे नाही दिले तं तांदूळ घेऊन याजा,
पण जुने. नव्याचा गोळा होते.

कन्हान ओलांडली की हळूहळू कापूस मागं पडतो
आणि मग नुसत्या बांध्या, बांधीला लागून बांधी,
कापलेल्या धानाचे खुंट,
त्यांच्या मधून वर आलेली लाखोळी.
धान उभा असतानाच पेरून ठेवतात तिला.
तो गेला की ही हिरवी,
जागा रिकामी होण्याची वाट बघत होती जणू.

गाव म्हणजे एक रस्ता, तीन राईस मिल
आणि उसन्या धानाचा वास,
ओल्या पोत्यासारखा, गोडसर,
शर्टात शिरला की नागपूरच्या नळाखालीही निघत नाही.
मिलची काळी राख सायकलींच्या सिटांवर,
बँकेच्या पायरीवर, नंदीच्या पाठीवर.
लोक बसण्याआधी सीट पुसतात, न बघता,
बोलणं न थांबवता.

डोमाजी गिऱ्हेपुंजे यांच्या ओसरीवर पेटी.
उद्या मंडई, रात्रभर दंडार.
भाता शाबूत. एका कडेला उंदरानं कातडं खाल्लेलं.
काळी तीन बोलत नाही, डोमाजी म्हणाले.
कधीपासून?
मोठी पोरगी झाली तवापासून.
आता तिची पोरगी बारावीले आहे.

पत्ती उचलली.
खाली एक दाणा, सालासकट,
बारीक, लांबट, तपकिरी पडलेला.
घरातून सायत्राबाई आल्या, हाताला झिंग्यांचा वास,
तळहातावर घेऊन उजेडाकडे वळवला:
हा तं लुचई होय, बाप्पा.
आमच्या इथं आता कोणी पेरतच नाही.

पत्ती घासली, बसवली, कातडं डकवलं.
काळी तीन बोलली,
थोडी घोगरी, झोपेतून उठवल्यासारखी.
मला बरं वाटलं. नेहमी वाटतं.

मग केवळराम आला,
दंडारीत लुगडं नेसून राणी होणारा,
साठीचा, मिलमध्ये हमाली करणारा,
बिडी विझवून कानामागं ठेवली आणि तान घेतली.
आणि नेमका तिथं अडखळला.
पुन्हा घेतली. पुन्हा तिथंच.
तिसऱ्यांदा डोमाजींनी भाता सोडला.

काऊन रे?
अगा, तिथं पेटी मुकी राहे.
तेवढं मी एकटाच जाऊ.
आता कोणी हात धरल्यासारखं होऊन राहिलं.

मी म्हटलं, दाणा परत घालू का?
कोणी हसलं नाही.
डोमाजी बराच वेळ पट्ट्यांकडे बघत होते.
मग वाजवू लागले,
आणि त्या जागी आल्यावर
बोट उचललं.

एवढंच. बोट उचललं.
केवळरामचा आवाज त्या रिकाम्या जागेतून गेला,
कडेनं थोडा फाटलेला,
आणि पलीकडे पेटीला भेटला.
ओट्यावरच्या पोराच्या तोंडात चण्याची मूठ तशीच राहिली.

माझ्या चार तासांच्या कामाचे
त्यांनी पूर्ण पैसे दिले.
वर झिंगे घातलेला भात. तिखट असा, की गाडीपर्यंत नाक वाहत होतं.

जाताना दाणा मागितला.
सायत्राबाईंनी पदराच्या टोकाला गाठ मारली होती.
उगवणार नाही तो. मला माहीत आहे.
त्यांनाही माहीत असावं,
धान त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतो.

पॅसेंजर दोन तास उशिरा.
घरी पोचलो तर बायकोनं दारातच शर्ट हुंगला.
जुने आणले का?

होता, म्हटलं.
एकच होता. दिला नाही त्यांनी.