लेबल नसलेली बाटली

गोरेवाड्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं
मी नागपूरचं पाणी उजेडात धरून पाहिलं.
गढूळपणा, क्लोरीन, रंग, वास.
सकाळी सहाची बाटली, दुपारी दोनची बाटली,
प्रत्येकीवर लेबल, लेबलवर सही: द. गो. ढोबळे.

निवृत्त झाले आणि म्हटलं, सतोपंथला जाते.
बद्रीनाथच्या वर, माणा मागे टाकून, पायी.
हे म्हणाले, "काऊन? फुटाळ्यात पाणी नाही का?"
मग स्वतःच सीताबर्डीला जाऊन बूट आणले,
एक नंबर मोठे,
बर्फात दोन मोजे लागतात म्हणून.
त्यांनाही यायचं होतं.
डॉक्टरांनी गुडघ्यांचा फोटो खिडकीशी धरला,
मी पाणी धरायची तसा,
आणि मान हलवली.

पाठीवर आठ किलो तूरडाळ घेऊन
दर रविवारी मी रामटेकच्या पायऱ्या चढले, अंबाळ्याकडून.
तिसऱ्या रविवारी माकडानं पिशवी फाडली.
डाळ पायरी पायरीनं खाली, अर्ध्या गडाला ऐकू जाईल अशी.
एका म्हातारीनं विचारलं, "नवस होता का बाई?"
मी हो म्हटलं.
ओझं तर उतरलंच होतं.

नवतपा लागला त्या दिवशी निघाले. पारा शेहेचाळीस.

लक्ष्मीवनानंतर झाडं संपतात.
सहस्रधारेनंतर बोलणं.
पुढे नुसता डोंगराचा मलबा, खाली बर्फ,
पाय टाकला की दगड आतल्या आत सरकतो,
झोपेत कूस बदलल्यासारखा.
चक्रतीर्थाच्या चढावर चार पावलं, एक दम.
मग तीन.
मग भरोसी, वाटाड्या, माझ्याकडे न बघता
माझी पिशवी आपल्या खांद्यावर घेतो.

आणि तळं. तीन कोनांचं.
एका कोनात अजून बर्फ.
भरोसी सांगतो, इथे काडी पडली
तर पाखरू येतं आणि उचलून नेतं.
मी तासभर बसले.
पाखरू आलं नाही. काडीही पडली नाही.
मला आमच्या जाळ्या आठवत राहिल्या,
त्यांत अडकलेलं निर्माल्य, चपला,
एकदा एक बाहुली, डोळे मिटणारी.
हात आपोआप खिशात गेला,
बाटली बुडवली, उजेडात धरली.
लिहायला काही सापडेना.

हात जोडायचे राहिलेच.
परतीच्या धारेवर आठवलं, वळून जोडले,
तोवर धुकं आलं होतं.

घरी बाटली ओट्यावर ठेवली. लेबल लावलं नाही.
शेजारच्या शकुनताई ठवकर वाटी घेऊन आल्या,
"चमचाभर तीर्थ द्या जी."
आणि माझ्या तोंडून निघून गेलं,
"उकळून घ्या हं."
त्या वाटी घेऊन तशाच परतल्या.
दोन दिवस बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दुपारी जाग आली
ती गार वाऱ्यानं.
सकाळी नळ आला नव्हता,
कुलर कोरडा खडखडत होता, इतकं आठवत होतं.
आता खसताट्या ओल्या,
आणि ओट्यावर बाटली पालथी, निथळत.
"अर्धी बादली निघाली माठातून," हे म्हणाले,
"मग ते बाटलीतलंही टाकलं. कामाचं होतं का?"

मी बघत राहिले.
त्यांच्या गुडघ्यांवरची चादर हलत होती.
"आज हवा बरी येऊन राहिली," म्हणाले
आणि पाय लांब केले,
जितके होतात तितके.

मी गॅलरीत जाऊन हाक मारली,
शकुनताई, या, घटकाभर कुलरसमोर बसा.
कुरकुरत आल्या. बसल्या. पदर सैल केला.
कुणी काही बोललं नाही.
कुलरमधून खसची एक काडी उडाली,
फरशीवर, आम्हा तिघांच्या मधोमध पडली.

शकुनताईंनी वाकून ती उचलली.