उणे अठरा

हमरियाच्या कोल्ड स्टोरेजवर मी रात्रपाळीचा वॉचमन,
म्हणून सिनेमावाल्यांनी मलाच वॉचमन केलं.
गणवेश मात्र त्यांचा.
माझा, म्हणे, खरा वाटत नाही.

बाहेर जूनची रात्र, चाळीसला टेकलेली,
आत उणे अठरा.
काम एवढंच: सुरमईच्या खोक्यांमागून हेर येणार,
माझ्या मानेत काहीतरी टोचणार,
मी पडणार,
आणि माझ्यावरून पाय टाकताना तो म्हणणार,
‘थंड घे, दोस्त.’

पहिल्यांदा पडलो तेव्हा टोपी उडाली.
दुसऱ्यांदा बरोबर मेलो.
तिसऱ्यांदा तर इतका छान मेलो
की मेकअपवाल्या सुगुणनने लांबून अंगठा दाखवला.
पण रीमा मॅडम ओरडल्या, कट,
हा मेलेला माणूस श्वास घेतोय.
खरंच होतं ते.
माझ्या तोंडातून वाफ निघत होती,
टपरीवरच्या किटलीसारखी, निवांत.

सगळं युनिट हसलं.
लाइटवाला शिडी धरून हसला.
हिरो हसला, त्या रात्रीत पहिल्यांदाच
कुणी न सांगता.
त्याच्या वाक्याला तोवर कोणीच हसलं नव्हतं,
ज्याने लिहिलं तोही कोपऱ्यात
हातमोजे शोधत होता.

मग मला सांगितलं, श्वास धर.
धरला.
मेल्यावर माणसाला विचार करायला वेळ मिळतो.

समजा, गोळ्या चुकवत हेर दारापाशी पोचला,
दारावर लिहिलंय ‘ओढा’, आणि हा जीव खाऊन ढकलतोय,
तिथे मी तिकिटाचे पैसे वसूल हसेन.
बॉम्बची वायर कापायची, लाल की तांबडी,
आणि चष्मा राहिलाय गाडीत,
तिथेही.
हातपाय गळाले की विनोद आपसूक येतो,
मांजरासारखा,
बोलावलं तर येत नाही.
पण पडलेल्या माणसावर कोटी?
म्हणजे तो पडलाच नव्हता.
आणि मी पडलोच नसेन
तर हा वाचला कशातून?

मॅडमना सांगणार होतो.
पण मी मेलेलो होतो.

आमच्या सजाच्या कॅम्पात
(गावाचं नावच तसं, आम्ही काय करणार)
खोलीतला गुलरेज गेला, झोपेत.
चौथा मजला, लिफ्ट बंद.
पाच जणांनी त्याला चादरीत घालून खाली आणला.
दुसऱ्या जिन्यावर टेकबहादुर टेकला, घाम पुसला
आणि म्हणाला,
‘रोज सांगत होतो, दोन रोट्या कमी खा.’
आम्ही हसलो.
तिथेच, पायऱ्यांवर, त्याला मांड्यांवर घेऊन.
हसता हसता टेकबहादुरचं तोंड वाकडं झालं,
मग तळमजल्यापर्यंत कोणी कोणाकडे बघितलं नाही.

एवढंच माझं म्हणणं.
मेलेल्यावर बोलायचं तर आधी एक जिना उतरव त्याला.
खांद्याला कळू दे किती भरतो.
मग बोल, मीसुद्धा हसेन,
श्वास सोडून हसेन,
होऊ दे कट.

नवव्यांदा ओके झालं.
वाक्य तेच राहिलं.
दोनशे दिरहम, एक बिर्याणी,
आणि भुवयांवरचं दव गेटवर येईतो घाम झालेलं.

पहाटे वेंगुर्ल्याला फोन लावला.
वृंदाला सगळं सांगितलं, एका रात्रीत नऊ वेळा मेलो,
कसा मेलो, कोणी मारलं, वर काय म्हणाला.
पलीकडे सुपात तांदूळ पाखडल्याचा आवाज.
तो थांबला.

‘मेलंस तर मेलंस,’ म्हणाली,
‘पण स्वेटर घातललंस मां?’