झडप

आबांना एवढंच पटलं होतं,
इंजिन न उघडता झडप बदलता येते.
चाळीस वर्षं मिरकरवाड्याच्या जेटीवर
कोपरापर्यंत डिझेलमध्ये बुडालेला माणूस
डॉक्टरांना म्हणाला,
"मांडीतून? आणि वळणावर अडकली तर?"

अडकली नाही.
छत्री उघडावी तशी उघडली, बसली.
मग आकडे उतरायला लागले.
ऐंशी. साठ. बेचाळीस.
कुणीतरी माझ्यापुढे कागद धरला,
मी कुठे सही केली, आजही सांगता येणार नाही.

काचेपलीकडे अफरीन होडेकर,
राजिवड्याची पोर, पंपावर बसलेली.
एका नळीतून काळपट रक्त बाहेर,
दुसरीतून लालभडक आत,
मध्ये मुठीएवढं चाक.
मिनिटाला साडेतीन हजार फेरे.
पाठ केलं मी,
आबा विचारतील म्हणून.

आईने त्यांचं मनगट धरलं
आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला.
"असंच असतं काकी," अफरीन म्हणाली,
"हा पंप ठोके देत नाही. नुसता वाहवतो."
हात ऊन होता. नाडी नव्हती.
एका हातात दोन्ही मावत नव्हतं.

भर समुद्रात इंजिन गेलं
की दुसरी होडी दोर टाकते.
आबाच सांगायचे,
ओढून आणायच्या होडीतसुद्धा सुकाणूवर माणूस लागतो,
नाहीतर ती आडवी होते, दोर तोडते.
आई दोन रात्री दाराबाहेरच्या बाकावर
ताठ बसून होती.
मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

तिसऱ्या दिवशी अफरीनने फेरे कमी केले.
थोडे.
थांबली. आणखी थोडे.
सपाट रेषेत
सुकतीला खडकाचं टोक दिसावं तसं काही दिसलं,
बुडालं.
परत दिसलं.
कुणी बोललं नाही. एक नर्स जेवायचा डबा हातात धरून
तशीच उभी.

आबांचा आवाज अजून बसलेलाच आहे.
साडेतीन हजार, मी सांगितलं.
बराच वेळ वर पंख्याकडे बघत राहिले.
"जास्त होतात," म्हणाले,
"बेअरिंग जातं अशाने."

आई रोज चहाचा कप ठेवते
आणि कोलंबीचा वास असलेल्या बोटांनी
त्यांचं मनगट धरते.
मोजत नाही.
आहे का, तेवढं बघते,
आणि परत चुलीकडे जाते.